प्रोजेक्टर काळा रंग आणतो तरी कुठून? आणि उजेडाबद्दलचे बाकीचे प्रश्न

मागच्या अंकात मी एवढंच लिहिलं होतं की बल्ब घेताना वॉट बघू नका, ल्युमेन (म्हणजे बल्ब एकूण किती उजेड देतो ते) बघा. त्यावर इतके मेसेज येतील असं वाटलं नव्हतं. बल्बवरून गाडी सुटली ती थेट थिएटर, चंद्र आणि म्हशीपर्यंत गेली. सगळे प्रश्न घेता नाही आले, जे फिरून फिरून आले तेवढे घेतलेत.

प्रश्न : हॉलमध्ये ९ वॉटचा एक एलईडी होता. आईला पेपर वाचायला उजेड कमी पडतो म्हणून तसाच दुसरा शेजारी लावला. पण उजेड दुप्पट झालाय असं अजिबात वाटत नाही, थोडासा वाढलाय इतकंच. दुकानदाराने डुप्लिकेट माल दिला का? – वाचक, सांगली

दुकानदाराला काही बोलू नका, त्याची चूक नाहीये. खोलीतला उजेड खरंच दुप्पट झालाय, फोनवर लक्समीटरचं ॲप टाकून बघा (लक्स म्हणजे एखाद्या जागेवर किती उजेड पडतो त्याचं माप), अंदाज येईल. प्रश्न डोळ्यांचा आहे, कारण डोळा असा सरळ हिशोबात उजेड मोजतच नाही.

अमेरिकेत हार्वर्डला एस. एस. स्टीव्हन्स नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९५० च्या दशकात लोकांना अंधारात कमीजास्त उजेडाचे ठिपके दाखवून विचारलं की हा ठिपका १० धरला तर तो दुसरा किती वाटतो, सांगा. त्यातून जे निघालं ते साधारण घनमुळाच्या जवळ जातं. म्हणजे उजेड दुप्पट केला तर दिसायला फक्त सव्वापट, आणि दिसायला दुप्पट हवा असेल तर उजेड करायचा आठपट! आता तुमचा हॉल म्हणजे काही त्यांची लॅब नाही, तिथे आकडा थोडा इकडेतिकडे होईल, पण एकाचे दोन बल्ब केल्यावर "थोडासा वाढलाय" असं वाटणं अगदी बरोबर आहे. आधीच किती उजेड आहे त्यावर नवीन उजेडाची किंमत ठरते. दिवाळीची पणती दुपारी बारा वाजता अंगणात लावून बघा, लागलीये की नाही हे वाकून बघावं लागतं, आणि तीच पणती रात्री लाइट गेल्यावर अख्खं स्वयंपाकघर दाखवते.

तुमच्या आईंसाठी सांगायचं तर दुसरा बल्ब छतावरून काढा आणि खुर्चीशेजारी लॅम्पमध्ये लावा. २ मीटरवरचा बल्ब अर्ध्या मीटरवर आणला तर त्याचा कागदावर थेट पडणारा उजेड १६ पट होतो, आणि १६ चं घनमूळ अडीच, म्हणजे फरक डोळ्यांना कळेल असा आहे. शिवाय वय वाढलं की बाहुली पूर्वीइतकी मोठी होत नाही आणि डोळ्यातलं भिंगही पिवळसर होत जातं, त्यामुळे आईंना तुमच्यापेक्षा जास्त उजेड लागतो, त्या उगाच तक्रार करत नाहीयेत.

प्रश्न : थिएटरचा पडदा पांढरा असतो. प्रोजेक्टर तर फक्त उजेड टाकू शकतो, काळा उजेड असा काही प्रकार नाही. मग सिनेमातला काळा कोट, काळे केस, रात्रीचं आकाश एवढं काळं दिसतं कसं? – वाचक, ठाणे

या वेळचा सगळ्यात आवडलेला प्रश्न. उत्तर एका वाक्यात द्यायचं तर प्रोजेक्टर काळा टाकतच नाही, तो काळा तुम्ही तयार करता.

पुढच्या वेळी थिएटरमध्ये जाहिराती सुरू व्हायच्या आधी, लाइट चालू असताना पडद्याकडे नीट बघा, पांढरा किंवा फिकट करडा दिसेल. सिनेमात हिरोचा काळा कोट जिथे दिसतो तिथे तोच पडदा आहे, फक्त त्या जागी प्रोजेक्टरने जवळजवळ काहीच टाकलेलं नाही. पण शेजारी हिरोचा चेहरा आहे, पांढरा शर्ट आहे, तिथे भरपूर उजेड टाकलाय. डोळा काय करतो, समोर जे सगळ्यात उजळ दिसतंय त्याला पांढरं धरतो आणि बाकी सगळं त्याच्या तुलनेत लावतो. शर्टाच्या पंचविसाव्या हिश्श्याहून कमी उजेड येतोय ना, मग तो काळा. किती उजेड आला याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नाही, कोणाच्या मानाने किती आला हे तो बघतो.

आणि तो पांढरा शर्ट तरी किती उजळ असतो? डिजिटल सिनेमाचं स्टँडर्ड आहे की पडद्यावरचा पूर्ण पांढरा साधारण ४८ निट असावा (निट म्हणजे समोरचा पृष्ठभाग किती उजळ आहे त्याचं माप). कडक उन्हात धरलेला साधा पांढरा कागद निघतो २५,००० निटच्या आसपास. म्हणजे सिनेमातला पांढरा हा उन्हातल्या कागदापेक्षा ५०० पटीने मंद, आणि तरी पडद्यावर बर्फाचा डोंगर आला की आपण डोळे बारीक करतो!

ही गोष्ट अडेमार गेल्ब नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९२९ साली फार मस्त दाखवली होती. अंधाऱ्या खोलीत काळ्या कागदाची चकती टांगायची आणि लपवलेल्या दिव्याचा झोत फक्त त्या चकतीवर पडेल असं करायचं. बघणाऱ्याला काय दिसतं? पांढरी चकती. मग त्याच झोतात, चकतीच्या अगदी शेजारी, पांढऱ्या कागदाचा एक तुकडा धरायचा. क्षणात चकती काळी होते. आता मजा बघा, तुकडा काढून घेतला की चकती परत पांढरी, आणि ती काळी आहे हे तुम्हाला आता चांगलं माहीत असूनही. ज्ञानाचा इथे काडीचा उपयोग होत नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला, घरीच करून बघा, काळा कार्डपेपर, दोरा आणि बारीक झोताची टॉर्च एवढंच लागतं, फक्त झोत मागच्या भिंतीवर सांडता कामा नये, नाहीतर सगळा खेळ फुकट. माझ्याकडे चकती फिकट करड्यापर्यंतच जाते, एकदम पांढरीशुभ्र नाही, पण पुरे आहे.

जाता जाता, घरी प्रोजेक्टर घेणारे खूप जण "काळा रंग नीट येत नाही" म्हणून आणखी महागडं मॉडेल बघायला लागतात. आधी ट्यूबलाइट बंद करा आणि पडदे ओढा. पडद्यावर जेवढा खोलीतला उजेड पडतो त्यापेक्षा काळं काहीही कोणताच प्रोजेक्टर दाखवू शकत नाही, मग तो कितीचा का असेना.

प्रश्न : मग चंद्राचं पण तसंच का? कोजागिरीला एवढा पांढराशुभ्र दिसतो. – वाचक, पुणे

अगदी तसंच. चंद्राची जमीन तिच्यावर पडलेल्या उन्हापैकी सरासरी जेमतेम १२ टक्के परत पाठवते, म्हणजे रंगाने आपल्या जुन्या डांबरी रस्त्यासारखीच. पण त्याच्यावर पडतं कडक ऊन आणि मागे आहे काळंभोर आकाश, शेजारी तुलना करायला काही नाही. गेल्बची चकतीच की, फक्त आकाशात टांगलेली. त्याच्या शेजारी तेच ऊन खाणारी पांढरी चादर पसरता आली असती तर कोजागिरीचा चंद्र कोळशाच्या नात्यातला दिसला असता आणि बऱ्याच कवींची पंचाईत झाली असती.

प्रश्न : फॅमिली ग्रुपवर बुद्धिबळाच्या पटाचं चित्र फिरतंय. पटावर एक हिरवं सिलिंडर उभं आहे, त्याची सावली पडलीये, आणि ए लिहिलेलं काळपट घर आणि सावलीतलं बी लिहिलेलं पांढरं घर म्हणे एकाच रंगाची आहेत. मी म्हणालो फोटोशॉप आहे. मेहुण्यांशी पैज लागलीये. – वाचक, नाशिक

पैज हरलात, पार्टी द्या. चित्र खरं आहे. अमेरिकेतल्या एमआयटीचे एडवर्ड एडलसन यांनी ते १९९५ मध्ये बनवलं. खात्री करायची तर एका जाड कागदाला दोन भोकं पाडा, एक ए वर येईल आणि एक बी वर, आणि बाकीचं चित्र झाकून टाका. दोन्ही भोकांत एकच करडा दिसेल. कागद उचला, बी परत पांढरं.

पण त्या मेसेजखाली हमखास लिहिलेलं असतं "तुमचा मेंदू तुम्हाला फसवतोय", ते मला अजिबात पटत नाही. मेंदू त्याचं काम करतोय, आणि ते सुद्धा फार हुशारीने. विचार करा, डोळ्यात जो उजेड येतो तो दोन गोष्टींचा गुणाकार असतो, वस्तूवर किती उजेड पडला आणि त्यातला किती तिने परत पाठवला. रोजच्या आयुष्यात आपल्याला काय हवं असतं, तर ती दुसरी गोष्ट. फरशी पांढरी आहे का काळी, ज्वारी चांगली आहे का काळपट, हे कळायला हवं, मग ती उन्हात असो का सावलीत. म्हणून मेंदू सावली ओळखतो (तिची कड मऊ असते, फरशीची कड धारदार असते, शिवाय सावली टाकणारं सिलिंडर शेजारीच उभं आहे) आणि ती वजा करून सांगतो की बी घर मुळात पांढरं आहे. फरशीबद्दल विचाराल तर उत्तर बरोबरच आहे ना! स्क्रीनवरच्या पिक्सेलबद्दल विचारलं तर चुकलं, पण पिक्सेल ओळखायला डोळे बनलेच नव्हते.

हे जमत नसतं तर काय झालं असतं ते पेपरवर बघा. एवाल्ड हेरिंग या जर्मन शास्त्रज्ञाने ही गोष्ट फार पूर्वीच लिहून ठेवलीये, आकडे मी आपल्या घरातले घालतोय. खोलीत समजा २०० लक्स उजेड आहे. पेपरचा कोरा भाग त्यातला ८० टक्के परत पाठवतो असं धरा, म्हणजे १६०. आता तोच पेपर घेऊन व्हरांड्यात आलात, तिथे सावलीत सुद्धा १०,००० लक्स सहज असतात. काळी शाई ५ टक्केच परत पाठवते, पण १०,००० चे ५ टक्के म्हणजे ५००. थोडक्यात, बाहेरच्या काळ्या अक्षरातून घरातल्या पांढऱ्या कागदाच्या तिप्पट उजेड डोळ्यात येतोय आणि तरी कोणी म्हणत नाही की अहो व्हरांड्यात अक्षरं पांढरी झाली. अक्षर आणि कागद यांचं गुणोत्तर दोन्हीकडे १ ला १६ च राहतं, आणि डोळा तेच धरून चालतो. १९४८ मध्ये हान्स वॉलाक या मानसशास्त्रज्ञाने दोन अंधाऱ्या पडद्यांवर वेगवेगळ्या उजेडाच्या चकत्या आणि त्यांच्याभोवती कड्या टाकून हेच दाखवलं होतं, चकती आणि कडं यांचं प्रमाण सारखं असलं की चकत्या जवळजवळ सारख्या दिसतात.

यातलं थोडं काम तर डोळ्याच्या आतल्या पडद्यातच (रेटिनात) होतं. एखादी पेशी उजेडाने चेतली की ती शेजारच्या पेशींना दाबते, त्यामुळे कडा उठून दिसतात. हे हॉर्सशू क्रॅब नावाच्या समुद्री जीवाच्या डोळ्यात शोधून काढणारे केफर हार्टलाइन यांना १९६७ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. पण सगळं श्रेय या दाबादाबीला देऊन चालत नाही, पुष्कळ पुस्तकं तसं देतात. सावली ओळखणं, कोणता भाग कोणत्या उजेडात आहे ते लावणं, हे पुढे मेंदूत होतं, आणि नेमकं कसं यावर संशोधक अजून भांडतायत.

प्रश्न : आमच्या म्हशीचा फोटो काढला की ती राखाडी येते आणि आजोबांचं पांढरं धोतर मळकट येतं. फोन बदलायला हवा का? – वाचक, कोल्हापूर जिल्हा

फोन नका बदलू, म्हशीला पण काही झालेलं नाही. कॅमेऱ्याला म्हैस काळी आहे हे कुठे माहीत असतं, तो धरून चालतो की समोरचा सीन सरासरी मधल्या करड्यासारखा असणार. आणि मधला करडा म्हणजे ५० टक्के नाही हं, फोटोग्राफीत परंपरेने तो १८ टक्के उजेड परत पाठवणारा धरतात, कारण डोळ्यांना काळ्या-पांढऱ्याच्या बरोबर मध्ये तोच दिसतो (सांगलीच्या उत्तरातलं घनमूळ आठवा). म्हशीने फ्रेम भरली की कॅमेरा म्हणतो अंधार फार आहे, आणि उजेड वाढवून तिला राखाडी करतो. धोतराचं उलट. उपाय सोपा आहे, स्क्रीनवर म्हशीला टॅप करा आणि बाजूला जो सूर्य येतो तो खाली ओढा, धोतरासाठी वर. आजोबा आणि म्हैस एकाच फोटोत असतील तर प्रश्नच मिटला, एक काळं एक पांढरं, सरासरी आपोआप जुळते.

प्रश्न : मी नववीत आहे. आमच्या दारात लाल जास्वंद आहे. संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला फुलं एकदम काळी दिसायला लागतात पण पानं दिसत राहतात. दुपारी तर फुलं पानांपेक्षा जास्त चमकतात. असं का? – वाचक, रत्नागिरी

तू जे बघितलंस ते बघून एका माणसाचं नाव विज्ञानात राहिलंय. बोहेमियाच्या, म्हणजे आजच्या चेक देशातल्या, यान पुर्किन्ये यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हेच टिपलं, कमी उजेडात लाल रंग आधी काळवंडतो आणि निळा जास्त वेळ टिकतो. त्याला पुर्किन्ये परिणाम म्हणतात.

कारण असं आहे की आपल्याकडे उजेड टिपणाऱ्या पेशी दोन प्रकारच्या आहेत. शंकू पेशी दिवसा काम करतात, रंग त्यांच्यामुळे कळतात, आणि भरपूर उजेडात डोळा ५५५ नॅनोमीटरच्या पिवळसर हिरव्या उजेडाला सगळ्यात जास्त दाद देतो. दंड पेशी अंधारात काम करतात, त्यांचं शिखर ५०७ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे निळसर हिरव्याकडे सरकलेलं, आणि गडद लाल तर त्यांना जवळजवळ दिसतच नाही. तिन्हीसांजेला शंकूंची ड्यूटी संपत आलेली असते आणि दंड कामावर येत असतात, तेवढ्यात जास्वंद त्यांच्या हिशोबाने काळी होते आणि पानं राहतात. घराजवळ निळी गोकर्ण असेल तर जास्वंदीच्या शेजारी तिचं एक फूल ठेव आणि दर पाच मिनिटांनी बघ, कोण आधी हरतं ते. आणि आकाशदर्शनाला जातात ते लोक लाल टॉर्च वापरतात, का ते आता तुझं तूच सांगू शकशील.

प्रश्न : मी भरतकामाच्या ऑर्डर घेते. एकाच रिळातला काळा धागा पांढऱ्या कापडावर काळाकुट्ट दिसतो आणि गडद निळ्या, जांभळ्या कापडावर अगदी विटका. गिऱ्हाईक म्हणतं धागा हलका वापरला. – वाचक, नागपूर

तुमचं गिऱ्हाईक पहिलं नाही. पॅरिसमध्ये गोबेलाँचा प्रसिद्ध गालिचे-पडद्यांचा कारखाना आहे, तिथे १८२४ मध्ये रंगाई खात्याचे प्रमुख झालेले मिशेल शव्रल यांच्याकडे हीच तक्रार आली होती, की काळ्या लोकरीला जोर नाही, निळ्या-जांभळ्या रंगांच्या शेजारी ती फिकी पडते. गृहस्थ केमिस्ट होते, त्यांनी दुसरीकडची काळी लोकर आणून ताडून बघितली, रंगात काहीच दोष नव्हता. दोष शेजाऱ्याचा! गडद रंगाशेजारी काळ्याला काळं दिसायला जागाच उरत नाही, शिवाय निळ्याशेजारी त्यावर विरुद्ध रंगाची पिवळट झाक चढते. त्यावर त्यांनी १८३९ मध्ये जाडजूड पुस्तकच लिहिलं, आणि चित्रकारांनी ते पुढे अनेक वर्षं वाचलं. (१०२ वर्षं जगले, वेळ होता त्यांच्याकडे.)

गिऱ्हाइकाला लेक्चर देऊन उपयोग नाही. निळ्यावर काळं हवंच असेल तर कडेने पांढऱ्या किंवा जरीच्या धाग्याची एक बारीक ओळ घाला, काळा लगेच उठतो. संक्रांतीच्या काळ्या साडीचा काळा जरीच्या काठाशेजारी किती खोल दिसतो बघा. ऑर्डर घेतानाच त्याच कापडाच्या तुकड्यावर चार टाके घालून दाखवायचे, म्हणजे नंतर वाद नाही.

प्रश्न : रात्री लाइट बंद करून फोन बघताना ब्राइटनेस अगदी शेवटच्या टोकाला नेला तरी डोळ्यात घुसतो, आणि दुपारी रस्त्यावर फुल केला तरी काही दिसत नाही. – वाचक, बंगळुरू

उन्हात १ लाख लक्सपर्यंत उजेड असतो, पौर्णिमेच्या चांदण्यात लक्सचा दहावा-पाचवा हिस्सा. एवढ्या मोठ्या फरकाला डोळ्याची बाहुली फारशी पुरी पडत नाही, ती २ मिलिमीटरपासून ८ पर्यंत उघडली तरी १६ पटच जास्त उजेड आत येतो, बाकीचं जुळवून घेणं आतल्या पेशी करतात आणि अंधाराला पूर्ण सरावायला त्यांना अर्धा तास लागू शकतो. अंधारात पडून राहिल्यावर तुमचे डोळे इतके सावध झालेले असतात की फोनचा मंदातला मंद उजेडही त्यांना जास्तच.

स्लायडरचा पण थोडा भाग आहे. जुन्या अँड्रॉइडमध्ये तो सरळ हिशोबाने चालायचा, त्यामुळे वरच्या अर्ध्या भागात सरकवून काही कळायचं नाही आणि खालच्या टोकाला केसभर हलवला तरी एकदम फरक. २०१८ च्या अँड्रॉइड ९ पासून गूगलने तो डोळ्यांच्या हिशोबाने लावला. तरीही रात्री टोचत असेल तर अँड्रॉइड १२ पासून सेटिंगमध्ये एक्स्ट्रा डिम म्हणून आहे, आयफोनवर ॲक्सेसिबिलिटीत रिड्यूस व्हाइट पॉइंट, दोन्ही नेहमीच्या तळाच्याही खाली जातात. नाहीतर उशाशी एखादा छोटा दिवा चालू ठेवा. दुपारचं मात्र माझ्याकडे औषध नाही, झाडाखाली उभं राहून बघा.